गाडी 'लो' केल्यावर प्रत्येक खड्डा पाठीत का बसतो? कडक सस्पेन्शनचं निदान असं करा

चाक आणि मडगार्डमधली फट कमी झाली की साधी हॅचबॅकही एकदम वेगळी दिसू लागते. रील्समध्ये अशा 'लो' केलेल्या गाड्या भारी वाटतात. पण रील संपल्यावर त्याच गाडीत बसून खड्ड्यांतून रोज ऑफिस गाठायचं असतं. मग तक्रारी सुरू होतात. छोट्या खड्ड्यातही दणका बसतो, स्पीडब्रेकरवर खालून 'धप्प' आवाज येतो आणि मागच्या सीटवरची मंडळी पाठ धरून बसतात.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "स्प्रिंग कडक आहे, असंच होणार." कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा दोष स्प्रिंगचा नसतोच. बंप स्टॉपर, टायरची हवा, चुकीच्या पद्धतीने आवळलेले बुश किंवा गाडीला न जुळणारा शॉकअप, यांपैकी काहीही कारण असू शकतं. कारण न शोधता पार्ट बदलत गेलं तर हजारो रुपये जातात आणि दणका तसाच राहतो.

हा प्रश्न फक्त आरामाचाही नाही. सस्पेन्शनची हालचाल संपली की टायरची रस्त्यावरची पकड अचानक बदलते. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारताना हे धोक्याचं ठरू शकतं.

सस्पेन्शन नेमकं काय काम करतं?

सस्पेन्शनमध्ये प्रत्येकाचं काम वेगळं असतं. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का दाबून साठवते. शॉकअप, म्हणजे डँपर, स्प्रिंगची उसळी आवरतो. तो नसता तर एका स्पीडब्रेकरनंतर गाडी बराच वेळ डोलत राहिली असती. तिसरा भाग असतो बंप स्टॉपर. शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला हा रबराचा किंवा फोमसारख्या पॉलियुरेथेनचा ठोकळा असतो. चाक फारच वर आलं तर धातूवर धातू आपटू नये, म्हणून ही शेवटची उशी.

भारतातल्या बहुतेक हॅचबॅक गाड्यांमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम अशी रचना असते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेले असतात. ही रचना स्वस्त आणि आटोपशीर आहे, पण चाकाला वर-खाली व्हायला जागा मुळातच मोजकी असते. गाडी लो केल्यावर सगळ्यात आधी कमी होते ती हीच जागा.

गाडी खाली आल्यावर काय बदलतं?

एक साधं गणित करून पाहू. समजा, कंपनीतून आलेल्या गाडीत चाक वर येताना बंप स्टॉपरला टेकण्याआधी ६० मिलिमीटर जागा आहे. शॉकअप तोच ठेवून आखूड स्प्रिंग घातली आणि गाडी ४० मिलिमीटर खाली आणली, तर उरले फक्त २० मिलिमीटर. म्हणजे एक तृतीयांश.

आता तोच खड्डा, तोच धक्का या कमी जागेत जिरवायचा आहे. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ती किती दाबली गेली याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे जागा एक तृतीयांश झाली की तेवढीच ऊर्जा एकट्या स्प्रिंगने जिरवायला ती नऊपट कडक असावी लागेल. बाजारात मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा थोड्या कडक असतात, नऊपट नक्कीच नाही. उरलेला भार मग बंप स्टॉपरवर येतो. गाडी चालवणाऱ्याला जो दणका 'स्प्रिंगचा' वाटतो, तो अनेकदा स्टॉपरचा असतो.

याची दुसरी बाजूही पाहू. स्प्रिंग ४४ टक्के कडक केली, तर गाडीच्या डोलण्याचा वेग साधारण २० टक्क्यांनीच वाढतो, कारण इथे वर्गमूळाचं नातं असतं. साधी प्रवासी गाडी सेकंदाला सुमारे एक ते दीड वेळा डोलते. हा आकडा थोडा वाढला तर गाडी घट्ट आणि स्पोर्टी वाटते, पण दात आपटत नाहीत. त्यामुळे गाडी लो केल्यावर ती अगदी बैलगाडीसारखी आदळत असेल, तर फक्त स्प्रिंगला दोष देऊन थांबू नये.

आधी लक्षण ओळखा

'कडक' हा एकच शब्द चार वेगवेगळ्या तक्रारींसाठी वापरला जातो. निदानाची सुरुवात त्या वेगळ्या करण्यापासून होते.

१. मोठ्या खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवरच एकदम दणका, बाकी रस्त्यावर गाडी ठीक: संशय बंप स्टॉपरवर. गाडीत माणसं भरल्यावर त्रास वाढत असेल तर संशय आणखी पक्का.

२. रस्ता चांगला असूनही सतत बारीक थरथर, स्टीअरिंग आणि सीटमध्ये जाणवणारी: टायरची जास्त हवा, कमी उंचीचे टायर किंवा जास्त कडक ठेवलेला शॉकअप. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर सांध्यांची लयबद्ध 'टप टप' आधीपेक्षा जास्त जाणवत असेल, तर ती याच गटातली तक्रार.

३. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा उसळते: शॉकअप कमकुवत आहे किंवा नव्या कडक स्प्रिंगला आवरण्याची त्याची ताकद नाही. लोक यालाही 'कडक' म्हणतात, पण हा उलटा आजार आहे. इथे शॉकअप आणखी सैल केला तर त्रास वाढेल.

४. धक्क्यासोबत 'कट कट' किंवा 'ठक' आवाज: टॉप माउंट, लिंक रॉड, सैल नट किंवा जागेवर नीट न बसलेली स्प्रिंग.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. दणका उंचवट्यावर चढताना बसतो की खड्ड्यात चाक पडताना? चढताना बसत असेल तर चाकाला वर यायला जागा कमी पडते आहे. पडताना बसत असेल तर चाकाला खाली जायला जागा नाही आणि शॉकअप पूर्ण ताणला जाऊन झटका देतो आहे.

निदान पायरी-पायरीने

स्वस्त आणि सोप्या तपासणीपासून सुरुवात करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच वेग आणि तेवढ्याच माणसांसह गाडी चालवून पाहावी. एका दिवसात तीन बदल केले तर नेमका कशाने फरक पडला, हे कधीच कळत नाही.

पहिली पायरी: टायर

ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर टायरच्या हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. गाडी थंड असताना, म्हणजे काही तास उभी असताना, हवा मोजा. अनेक ठिकाणी सवयीने जास्त हवा भरली जाते. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. हवा जास्त झाली की ती कडक होते.

गाडी लो करताना अलॉय व्हीलही मोठे केले असतील, तर हिशेब आणखी बदलतो. १८५/६५ आर १५ या टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची साधारण १२० मिलिमीटर असते. २०५/४५ आर १७ टायरमध्ये ती ९२ मिलिमीटरच राहते. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली उशी सुमारे २८ मिलिमीटरने कमी झाली. शक्य असेल तर मित्राकडून किंवा गॅरेजमधून मूळ मापाचे टायर-रिम एक दिवसासाठी लावून पाहा. दणका निम्म्यावर आला, तर सस्पेन्शन खोलण्याची गरजच नाही.

दुसरी पायरी: बंप स्टॉपर

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. गाडी सपाट जागी उभी करा आणि बॉनेटच्या कोपऱ्यावर शरीराचा भार देऊन दाबा. गाडी जेमतेम हलून एखाद्या भिंतीला टेकल्यासारखी थांबत असेल, तर ती उभ्या उभ्याच स्टॉपरवर टेकलेली असण्याची शक्यता आहे.

पक्कं करायचं तर केबल टायची युक्ती वापरा. शॉकअपवरचं धुळीचं कव्हर वर सरकवून चकचकीत दांड्यावर एक केबल टाय हलकेच बांधा आणि तो खाली शॉकअपच्या तोंडापर्यंत सरकवा. चाक जमिनीवर टेकल्यावर टाय कुठे आहे ते बघून ठेवा. मग नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारून या. सस्पेन्शन दबताना शॉकअपची बॉडी टायला वर ढकलते आणि टाय जिथे थांबतो तिथपर्यंत सस्पेन्शन दबलं होतं हे समजतं. टाय थेट स्टॉपरला जाऊन चिकटला असेल, तर स्टॉपर काम करतो आहे. साध्या रस्त्यावरच असं होत असेल, तर दणक्याचं कारण सापडलं.

मागच्या बाजूला अनेक गाड्यांमध्ये स्टॉपर स्प्रिंगच्या आत किंवा चेसिसवर वेगळा असतो. तिथे थोडं ग्रीस लावून फेरी मारल्यावर समोरच्या पत्र्यावर त्याचा ठसा उमटतो का, ते पाहता येतं. मागची तपासणी एकदा एकट्याने आणि एकदा मागे तीन माणसं बसवून करा. एकट्याने ठीक आणि भरल्यावर दणका, ही लो केलेल्या गाड्यांची नेहमीची तक्रार आहे.

एक इशारा: फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक स्टँड लावा किंवा गॅरेजच्या लिफ्टवरच हे काम करा.

तिसरी पायरी: शॉकअप

गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. ती वर येऊन शांत झाली पाहिजे. एकापेक्षा जास्त वेळा उसळत असेल तर शॉकअप थकलेला आहे. त्यावर तेलाचा ओघळ दिसला तर आणखी तपासायला नको.

मूळ शॉकअप ७०-८० हजार किलोमीटर चाललेला असेल आणि त्यावर नवी आखूड स्प्रिंग घातली असेल, तर तो शॉकअप दोन्ही बाजूंनी अडचणीत येतो. त्याला जास्त ताकदीची स्प्रिंग आवरावी लागते आणि तेही कमी जागेत.

कॉइलओव्हर किट बसवलं असेल तर शॉकअपचा कडकपणा बदलण्यासाठी छोटी फिरकी असते. आधी सध्याची सेटिंग किती 'क्लिक'वर आहे ते मोजून लिहून ठेवा. मग चारही बाजू सगळ्यात मऊ सेटिंगवर आणून गाडी चालवा आणि तिथून दोन-दोन क्लिक वाढवत या. अनेक गाड्यांमध्ये किट बसवणाऱ्याने मधली किंवा कडक सेटिंग ठेवलेली असते आणि मालकाला फिरकी आहे हेच माहीत नसतं.

इथे एक फसवा प्रकार होतो. शॉकअपची परतीची हालचाल फार कडक ठेवली, तर सलग खड्ड्यांवर चाकाला पुन्हा खाली यायला वेळ मिळत नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी स्टॉपरवर आपटते. पहिला खड्डा ठीक जातो आणि चौथ्याला दणका बसतो, असं होत असेल तर हे तपासा.

चौथी पायरी: बुश कसे आवळले?

हे कारण गॅरेजमध्ये सहज सुटून जातं. लोअर आर्म आणि मागचा बीम ज्या रबरी बुशवर फिरतात, त्यातलं रबर धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की मधली नळी जागेवर पक्की होते आणि पुढची सगळी हालचाल रबर पिळवटून होते.

गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबकळत असतात. त्याच अवस्थेत बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग ते स्वतःच एक जादा स्प्रिंग बनतं. गाडी कडक वाटते, अपेक्षेइतकी खाली बसत नाही आणि बुश लवकर फाटतात.

उपाय जवळपास फुकट आहे. चाकांवर गाडीचं पूर्ण वजन असताना हे बोल्ट सैल करायचे, गाडी हलवून स्थिर होऊ द्यायची आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनुसार पुन्हा आवळायचे. चाकं टेकवून काम करता येईल अशी पिट किंवा चार खांबांची लिफ्ट असलेलं गॅरेज यासाठी बरं पडतं.

पाचवी पायरी: टॉप माउंट, लिंक रॉड आणि अंतर

स्ट्रटच्या डोक्यावर रबराचं माउंट असतं. ते जुनं असेल किंवा बसवताना एखादा वॉशर राहिला असेल, तर बारीक धक्केही थेट बॉडीत जातात. स्टीअरिंग फिरवताना 'टंग' आवाज येत असेल तर माउंटचं बेअरिंग किंवा स्प्रिंगची बैठक तपासा. गाडी खाली आल्यावर अँटिरोल बारच्या लिंक रॉडचा कोनही बदलतो. मूळ लांबीची लिंक तिरकी अडकून ताण देऊ शकते.

शेवटी मडगार्डच्या आतली प्लास्टिकची लायनिंग, अँटिरोल बार आणि ड्राइव्हशाफ्टच्या आसपास घासल्याच्या चकचकीत खुणा शोधा. कधी कधी 'सस्पेन्शनचा दणका' म्हणजे टायर लायनिंगला लागत असतो.

स्प्रिंग कापून लो केली असेल तर?

काही ठिकाणी नवी स्प्रिंग न घेता मूळ स्प्रिंगचा एखादा वेढा कापला जातो किंवा ती तापवून दाबली जाते. हे दोन्ही प्रकार टाळायलाच हवेत.

स्प्रिंगचा कडकपणा तिच्या चालू वेढ्यांवर अवलंबून असतो. सहा चालू वेढ्यांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते आणि जागाही कमी होते. शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबकळलं की सैल स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. तापवलेल्या स्प्रिंगच्या पोलादाचा मूळ कस जातो. ती हळूहळू बसत जाते किंवा तुटते. अशा गाडीत दणक्याचं निदान करत बसण्यापेक्षा आधी योग्य स्प्रिंग बसवणं गरजेचं.

सापडलेल्या दोषावर उपाय काय?

बंप स्टॉपर लवकर टेकत असेल तर पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाडी थोडी वर घेणं. आधीच्या उदाहरणात गाडी ४० ऐवजी २५ मिलिमीटरच खाली ठेवली, तर मोकळी जागा २० वरून ३५ मिलिमीटर होते. दिसण्यात बोटभर फरक, चालवण्यात मात्र मोठा.

दुसरा उपाय म्हणजे आखूड बॉडीचे, लो केलेल्या गाडीसाठीच बनवलेले शॉकअप. कॉइलओव्हर घेताना उंची कशी बदलते, हे विचारा. फक्त स्प्रिंगची बैठक खाली-वर होत असेल, तर गाडी खाली आणताना दबण्याची जागाही जाते. खालचं ब्रॅकेट फिरवून उंची बदलत असेल, तर शॉकअपची हालचाल बरीचशी शाबूत राहते.

काही स्प्रिंग बनवणारे स्टॉपर ठरावीक मापाने कापायला सांगतात. त्यांच्या सूचनेत तसं लिहिलं असेल तरच ते करा. स्टॉपर पूर्ण काढून टाकला तर दणका कमी झाल्यासारखा वाटेल, पण पुढच्या मोठ्या खड्ड्यात शॉकअपच्या आतला व्हॉल्व्ह धातूवर आपटून तुटू शकतो.

उंची बदलली की व्हील अलाइनमेंट पुन्हा करावंच लागतं. कॅम्बर आणि टो बदलल्यामुळे टायर आतल्या कडेने झिजतात आणि बाहेरून ते चटकन दिसत नाही. हेडलाइटचा झोतही तपासून घ्या.

आपल्या रस्त्यांवर किती खाली परवडतं?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमांत ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, असं सांगितलं आहे. प्रत्यक्षात गल्लीबोळांत यापेक्षा अरुंद आणि उंच गतिरोधक सर्रास दिसतात. मारुती स्विफ्टसारख्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. ती ४० मिलिमीटर खाली आणली तर उरतात १२३, तेही रिकाम्या गाडीत. चार माणसं बसल्यावर हा आकडा आणखी घटतो. सस्पेन्शन कितीही चांगलं बसवलं, तरी पोट घासणं त्याला थांबवता येत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे काम करण्याआधी आरटीओकडे विचारणा करावी आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

गॅरेजमध्ये हे पाच प्रश्न विचारा

१. गाडी उभी असताना बंप स्टॉपरपर्यंत किती मिलिमीटर जागा उरली आहे?

२. बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर असताना आवळले का?

३. हा शॉकअप या स्प्रिंगसाठी योग्य आहे का, की मूळचाच ठेवला आहे?

४. शॉकअपची सेटिंग सध्या किती क्लिकवर आहे?

५. उंची बदलल्यानंतर अलाइनमेंट केलं का? त्याची प्रिंट मिळेल का?

या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मिळाली तर गाडी जाणकार हातात आहे, असं समजायला हरकत नाही. "लो गाडी म्हणजे असंच चालायचं" एवढंच उत्तर मिळालं, तर नवा पार्ट घेण्याआधी दुसऱ्या मेकॅनिकचं मत घेतलेलं बरं.